बांडगुळाचा माळी



या मालिकेत मोठमोठ्या विषयांवर बोलणारी माणसं येऊन गेली. मला आज आठ सेंटीमीटरच्या विषयावर बोलायचं आहे. मी शास्त्रज्ञ नाही. साधा पदवीधर आहे आणि पुढची सगळी वर्षं फौजेत काढली आहेत. पण फौजेच्या नोकरीत दोन गोष्टी आपोआप मिळतात. एक म्हणजे देशभर फिरणं, आणि दुसरी म्हणजे दुर्बीण. दुर्बीण समोरच्या टेकडीसाठी दिलेली असते, पण पहाटेच्या वेळी मधल्या झाडावर काय हलतंय तेही तिच्यातून दिसतं. त्यातून जडलेला छंद निवृत्तीनंतरही सुटलेला नाही.

आजचा पक्षी आहे फुलटोच्या. नाव ऐकून वाटेल की फुलांना टोचणारा असेल. तो फुलांना टोचतो हे खरं, पण त्याचा खरा जीव फळांवर. भारतात या कुटुंबातल्या दहाच्या आसपास जाती आहेत. इथून पूर्वेकडे आग्नेय आशिया ओलांडत थेट ऑस्ट्रेलियापर्यंत हे कुटुंब पसरलेलं आहे. सगळे उष्ण प्रदेशातले, बहुतेक सगळे जंगलातले आणि सगळे चिमुकले. चिमणी साधारण पंधरा सेंटीमीटरची असते. आपला नेहमीचा फुलटोच्या तिच्या निम्म्याएवढा. भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांमध्ये त्याची गणना होते.

दिसायला कसा? पाठ राखाडी-हिरवट, पोट मळकट पांढरं, चोच फिकट गुलाबी आणि किंचित बाकदार. नर आणि मादी सारखेच. बाजारातून आणलेल्या पिशवीच्या रंगाचा पक्षी म्हणा हवं तर. म्हणूनच तो कोणाच्या लक्षात येत नाही. मी सिकंदराबादला राहतो. आमच्या वसाहतीत वीस-वीस वर्षं राहिलेल्या माणसांनी तो पाहिलेला नाही, आणि तो मात्र त्यांच्या खिडकीसमोर रोज असतो. ओळखायचा असेल तर आवाजावरून ओळखा. झाडाच्या शेंड्याकडून बारीक, कोरडा ‘चिक्-चिक्-चिक्’ असा आवाज येत राहतो. कोणीतरी कात्री चालवतंय असं वाटतं. वर बघा, एक ठिपका एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडी मारताना दिसेल. एका जागी बसणं त्याच्या स्वभावात नाही.

सगळेच फुलटोचे असे मळकट नसतात. ईशान्येच्या डोंगरांत पोस्टिंग झालं की लाल छातीचा फुलटोच्या भेटतो. नराची पाठ चमकदार निळी-काळी आणि छातीवर निखाऱ्यासारखा लाल डाग. तिथल्याच सखल भागात पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत लाल पट्टा असलेला भाऊबंद दिसतो. अंदमानचा फुलटोच्या वेगळा, निलगिरीचा वेगळा. वेलिंग्टनला स्टाफ कोर्सला गेलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या डोक्यावरून निलगिरीचा फुलटोच्या उडून गेलेला असतो. अभ्यासाच्या ओझ्यामुळे मान वर करायला कोणाला फुरसत नसते, एवढंच.

आता एक फौजी नाव सांगतो. या नेहमीच्या फुलटोच्याला इंग्रजीत पूर्वी टिकेलचा फुलटोच्या म्हणत. हा सॅम्युअल टिकेल १८११ मध्ये कटकला जन्मला आणि बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीमध्ये अधिकारी झाला. पक्षी बघणं, त्यांची चित्रं काढणं, नोंदी ठेवणं हा त्याचा छंद. छोटा नागपूरच्या बाजूला असताना त्याने तिथल्या ‘हो’ लोकांवर आणि त्यांच्या भाषेवरही लिहून ठेवलं. बाराभूम-धालभूमच्या, म्हणजे आजच्या झारखंड आणि पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या जंगलांतल्या पक्ष्यांची यादी त्याने १८३३ मध्ये प्रसिद्ध केली. जाड चोचीच्या फुलटोच्याचं शास्त्रीय वर्णन प्रथम त्याने केलं. तो परक्या सत्तेचा नोकर होता हे मी विसरत नाही. पण ज्या मुलखात पाठवलं त्या मुलखाकडे त्याने डोळे उघडे ठेवून पाहिलं, हा गुण गणवेश घालणाऱ्या कोणीही घ्यावा असा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. फुलटोच्या खातो काय? लहान रसाळ फळं, मध, थोडे कीटक आणि कोळी. शहरात त्याला सिंगापूर चेरी फार आवडते. पण त्याचं आणि एका वनस्पतीचं नातं असं आहे की एकाशिवाय दुसऱ्याची गोष्ट सांगताच येत नाही. ती वनस्पती म्हणजे बांडगूळ.

बांडगूळ हा शब्द मराठीत शिवी म्हणून जास्त वापरला जातो. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा तो बांडगूळ. माझ्यासारख्या पेन्शनरला हा शब्द जरा टोचतोच. पण मूळ बांडगूळ काय आहे ते नीट पाहू. आंबा, कडुलिंब, मोह, साग अशा झाडांच्या फांद्यांवर वेगळ्याच पानांचा एक झुबका दिसतो. पानं जाडसर, हिरवी. त्यात लांब नळीसारखी नारिंगी-लालसर फुलं लागतात. हे आपलं नेहमीचं बांडगूळ. ते फांदीत आपली शोषक मुळं घुसवतं आणि झाडाकडून पाणी आणि क्षार घेतं. पण त्याची पानं हिरवी आहेत. म्हणजे सूर्यप्रकाशात ते आपलं अन्न बरंचसं स्वतः तयार करतं. पूर्ण फुकटं नाही, अर्धं फुकटं म्हणू. जागा आणि पाणी यजमानाचं, स्वयंपाक स्वतःचा.

आता प्रश्न असा की हे बांडगूळ एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातं कसं? त्याचं बी जमिनीवर पडलं तर फुकट गेलं. मातीत ते जगतच नाही. वाऱ्यावर उडण्याइतकं ते हलकं नाही. त्याला जिवंत फांदी हवी, तीही बेताच्या जाडीची, आणि तिथे चिकटून राहायची सोय हवी. एवढ्या अटी पूर्ण करणारा वाहतूकदार म्हणजे फुलटोच्या.

हे काम कसं चालतं ते ऐका. बांडगुळाच्या फळात एकच बी असतं आणि त्याभोवती डिंकासारखा चिकट थर असतो. फुलटोच्या फळ अख्खं गिळतो. पक्ष्यांच्या पोटात दळण दळणारा एक स्नायूंचा कप्पा असतो. फुलटोच्याच्या पोटात हा कप्पा मुख्य रस्त्याच्या बाजूला, गल्लीत असावा तसा आहे. कीटक किंवा कोळी खाल्ला की तो त्या गल्लीत वळतो आणि दळला जातो. फळ मात्र सरळ मुख्य रस्त्याने आतड्यात जातं. त्यामुळे बी दळलं जात नाही आणि वेळही लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या फुलटोच्यावर झालेल्या निरीक्षणांत बी काही मिनिटांतच, फार तर अर्ध्या तासाच्या आत बाहेर पडतं असं दिसलं आहे.

बाहेर पडलं तरी चिकट थर शिल्लक असतोच. बी शेपटीखाली लोंबकळत राहतं. मग पक्षी फांदीवर अंग वळवून, मागचा भाग फांदीला घासून ते पुसून टाकतो. त्याला फक्त मोकळं व्हायचं असतं. पण बी नेमकं जिथे हवं तिथे, जिवंत फांदीच्या सालीवर चिकटतं. लगेच कोंब येतो, तो वाकून सालीला टेकतो, टोकाला पसरट चकती करून पकड घेतो आणि आत शिरतो. जाड चोचीचा फुलटोच्या थोडा वेगळा वागतो. तो फळ फांदीवर घासून बी बाजूला काढतो आणि मग गर खातो.

एवढ्यावरच हे नातं थांबत नाही. काही बांडगुळांची फुलं आपणहून उमलत नाहीत. कळी पिकून तयार राहते, पण बंद. फुलटोच्या किंवा शिंजीर येऊन तिच्या टोकाला चोचीने चिमटा काढतो, कळी फटकन उघडते आणि परागकण पक्ष्याच्या तोंडावर उडतात. तोच पराग पुढच्या फुलाला पोचतो. म्हणजे लग्न लावणारा भटजीही हाच आणि मुलांना परगावी पोचवणाराही हाच.

या गोष्टीचं महाराष्ट्राशी जुनं नातं आहे. डॉ. सालिम अली यांनी १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. विषय होता कोकणात बांडगुळाचा प्रसार करण्यात शिंजीर आणि फुलटोचे यांचा वाटा. पुढे १९८० च्या दशकात प्रिया दविदार यांनी निलगिरीत बांडगुळं आणि फुलटोच्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी एक गमतीची गोष्ट दाखवली. काही बांडगुळांच्या मिटलेल्या कळ्या आणि पिकलेली फळं दिसायला एकमेकांसारखी असतात. गिऱ्हाईक एकच असल्यावर दोन दुकानांना एकच पाटी लावली तर सोयीचंच पडतं.

आता तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, गोष्ट छान आहे, पण माझ्या आंब्याचं काय? बरोबर आहे. बांडगूळ वाढलं की फांदी अशक्त होते, मोहोर कमी येतो. एका झाडावर फारच झुबके झाले तर झाडही मरतं. बागाईतदाराचं हे नुकसान खरं आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कर्नाटकात बिळिगिरी रंगनाच्या डोंगरात सोलिगा आदिवासी राहतात. जंगलातले आवळे गोळा करणं हा त्यांच्या उत्पन्नाचा एक भाग. तिथल्या आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ माजलं आणि झाडं मरू लागली. सोलिगांचं म्हणणं असं की पूर्वी ते ठरावीक हंगामात जमिनीलगतची हलकी आग लावत, तिच्यामुळे बांडगूळ आटोक्यात राही. आगीवर बंदी आली आणि ते वाढलं. संशोधकांनीही त्यांच्या या म्हणण्याची दखल घेतली आहे. यात दोष पक्ष्याचा नाही. तो पूर्वीही तेच करत होता. बदलली ती जंगल सांभाळण्याची पद्धत.

म्हणून माझं म्हणणं असं की बांडगूळ म्हणजे शत्रू अशी सरसकट घोषणा करण्याआधी परिस्थितीचं आकलन करावं. फौजेत कुठलीही कारवाई करण्याआधी हे करावंच लागतं. या बाबतीतला सगळ्यात चांगला पुरावा ऑस्ट्रेलियातून आला आहे. डेव्हिड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू साउथ वेल्समध्ये शेतांच्या मधे उरलेले जंगलाचे तुकडे निवडले. काही तुकड्यांतलं सगळं बांडगूळ काढून टाकलं, काही तसेच ठेवले आणि तीन वर्षांनी पक्षी मोजले. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. जिथलं बांडगूळ काढलं तिथल्या पक्ष्यांच्या जाती सुमारे एक पंचमांशाने कमी झाल्या होत्या. जे पक्षी कायम जंगलातच राहतात त्यांच्या तर चतुर्थांशाहून जास्त.

आणि यातली खरी बातमी पुढेच आहे. सर्वांत जास्त फटका फळं खाणाऱ्यांना नव्हे, जमिनीवर किडे टिपणाऱ्यांना बसला. कारण काय? बांडगूळ वर्षभर पानं गाळत राहतं. त्या पानांत क्षार भरपूर असतात, कारण झाडाकडून घेतलेले क्षार पान गळण्याआधी ते परत काढून घेत नाही. त्या पाचोळ्यामुळे खालची माती सकस होते, किडे वाढतात, किड्यांवर पक्षी जगतात. झाडाकडून उचललेलं असं मातीत परत जातं आणि वाटेत सगळ्यांना मिळतं. मी हे वाचलं तेव्हा मला लंगरची आठवण झाली. रेशन एकाच्या नावावर निघतं आणि जेवून जातात बरेच जण.

आपल्याकडचंही एक उदाहरण देतो. पिवळ्या आणि लाल ठिपक्यांचं एक फुलपाखरू तुम्ही नक्की पाहिलं असेल. त्याला मराठीत फार सुंदर नाव आहे, हळदीकुंकू. त्याची मादी आपली अंडी बांडगुळाच्या पानांवर घालते आणि अळ्या तीच पानं खातात. गावातलं शेवटचं बांडगूळ गेलं की हळदीकुंकूही गेलं. आपण बागेत फुलपाखरांसाठी फुलं लावतो आणि त्यांच्या पिल्लांचं जेवण कोयत्याने खाली पाडतो.

हा प्रश्न आमच्या वसाहतीतही आला. एका वर्षी समितीने ठराव आणला की झाडांवरची सगळी बांडगुळं एकाच दिवशी कंत्राटदाराकडून काढून घ्यायची. हेतू चांगलाच होता, झाडं वाचावीत हा. पण कंत्राटदाराची माणसं झुबका काढत नाहीत, अख्खी फांदीच उतरवतात, कारण ते सोपं जातं. शिवाय महिना मार्चचा होता. आमच्या आंब्यावर फुलटोच्याचं घरटं होतं. पानांमागे लोंबकळणारी एक लहानशी पिशवी. कापसासारखे तंतू कोळ्याच्या जाळ्याने जोडून केलेली, बाजूला दार. लिंबाएवढा पक्षीसुद्धा नाही, त्याचं घर ते केवढं असणार?

सभेत मी भाषण केलं नाही. समितीतल्या चार जणांना सकाळी सात वाजता आंब्याखाली बोलावलं, दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि चहा सांगितला. दहा मिनिटांत मादी चोचीत काहीतरी घेऊन आली आणि त्या दारातून आत शिरली. आमचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाचे पक्के. ते एवढंच म्हणाले, ‘पावसाळ्यानंतर बघू.’ मग आम्ही झाडांची यादी केली आणि तीन गट पाडले. तरुण झाडं आणि फळं देणारी झाडं पहिल्या गटात, तिथलं बांडगूळ काढायचं. झुबक्यांनी भरलेली झाडं दुसऱ्या गटात, तिथे विरळणी करायची. जुनी, धडधाकट, सावलीची झाडं तिसऱ्या गटात, तिथली दोन-चार बांडगुळं राहू द्यायची. सगळ्यांना हे पटलं असं नाही. एका काकूंच्या मते मी पक्ष्यासाठी झाडं मारतो आहे. त्यांची काळजी झाडाचीच आहे, म्हणून त्यांच्याशी माझं अजून पटतं. त्यांच्या अंगणातलं कडुलिंबाचं झाड पहिल्या गटात टाकलं आहे.

तुमच्याकडे, मग ते इंदूर असो, बडोदा असो की बंगळूर, हा प्रश्न आला तर काय करावं ते थोडक्यात सांगतो.

पहिलं, बांडगूळ काढायचं असेल तर त्याची फळं पिकायच्या आधी काढा. नाहीतर एक झुबका काढेपर्यंत दहा ठिकाणी बी पोचलेलं असतं.

दुसरं, नुसती पानं ओरबाडून उपयोग नाही, पुन्हा फुटतं. ते जिथे फांदीत शिरलं आहे त्याच्या खालून, वीत-दोन विती सोडून, फांदी स्वच्छ कापा. फांदी मुख्य असेल आणि कापणं परवडणारं नसेल तर जाणकार माळ्याला विचारा. झाडावर औषधं फवारत सुटू नका.

तिसरं, कापण्याआधी घरटं आहे का ते पाहा. फेब्रुवारी ते जून हा फुलटोच्याच्या संसाराचा मुख्य काळ. तेवढे दिवस कोयता म्यानात ठेवला तर काही बिघडत नाही.

चौथं, जुन्या जंगलात, देवराईत, माळरानावरच्या एकट्या म्हाताऱ्या झाडावर जे आहे ते राहू द्या. तिथे कोणाचा मोहोर बुडत नाही.

पाचवं, जागा असेल तर एक उंबर किंवा एक सिंगापूर चेरी लावा. आणि जे दिसेल ते लिहून ठेवा. ई-बर्डवर नोंद केलीत तर तुमच्या गच्चीवरची दहा मिनिटं देशाच्या माहितीत जमा होतात. माझ्या वयाच्या मित्रांना हे खास सांगतो. गुडघे दुखत असले तरी मान अजून वर होते.

झाडं लावण्याचं काम फौजही करते. टेरिटोरियल आर्मीची पहिली पर्यावरण बटालियन १९८२ मध्ये उभी राहिली आणि चुनखडीच्या खाणींनी उघडे पडलेले मसुरीचे डोंगर माजी सैनिकांनी पुन्हा हिरवे केले. मला त्या जवानांचा अभिमान आहे. पण आपल्या जंगलातली बहुतेक झाडं कोणी खड्डे खणून लावलेली नाहीत. वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, चंदन या सगळ्यांची पेरणी फळं खाणाऱ्या पाखरांनी आणि जनावरांनी केलेली आहे. तांबट, बुलबुल, कोकीळ, धनेश ही त्यातली मोठी आणि ठाऊक असलेली नावं. फुलटोच्या त्या पलटणीतला सर्वांत लहान शिपाई. त्याच्या वाट्याला आलेलं काम लोकांना आवडणारं नाही. लोक ज्याला शिवी देतात त्याचाच तो माळी आहे. पण ते काम त्याने सोडलं तर काय काय थांबेल, हे आत्ता आपण पाहिलं.

उद्या सकाळी घराबाहेर पडाल तेव्हा एवढंच करा. जवळच्या झाडावर बांडगूळ आहे का ते शोधा आणि त्याच्याखाली पाच मिनिटं गप्प उभे राहा. कात्रीसारखा आवाज आला तर समजा, माळी कामावर हजर आहे.

जय हिंद.